बाटल्यांचा स्टेरिलायझर निवडताना: पाणी, वीज आणि पावसाळा धरून

बाळंतविड्यात हल्ली झबली-टोपरी, दुपटी, कुंच्या यांच्यासोबत एक मोठा खोका असतो आणि त्यातून बऱ्याचदा बाटल्या निर्जंतुक करायचं मशीन निघतं. भेट आलेली असेल तर जे आलं ते वापरायचं. स्वतःच्या पैशानं घ्यायचं असेल, तर कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत जाण्याआधी घरातच तीन गोष्टी बघाव्या लागतात: दिवसाला किती बाटल्या लागणार, नळाला पाणी कुठलं येतं आणि धुतलेल्या बाटल्या वाळणार कुठे. मशीनला किती बटणं आहेत आणि स्क्रीनवर काय काय दिसतं, हे नंतर बघितलं तरी चालतं.

मुळात लागणार आहे का?

बाळ अंगावर पीत असेल तर नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि इथले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. वरचं दूध द्यायची वेळ आलीच, तरी बरेच डॉक्टर आधी वाटी-चमचा सुचवतात. कारण साधं आहे: वाटीला कोपरे नसतात, ती घासून उकळली की झालं. गुजरीच्या सराफपेठेतून आणलेलं चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, घरात असेल तर त्याची चोच आतून साफ करता येते का, हे आधी तपासा. अरुंद, झाकलेल्या चोचीत ब्रश जात नाही आणि दूध तिथेच साकळतं. वरून उघडी, पन्हळीसारखी चोच असलेलं बोंडलं पाजायला आणि धुवायला बरं.

आई कामावर रुजू झाली आणि पंपानं काढलेलं दूध दिवसातून एक-दोनदाच बाटलीनं द्यायचं असेल, तर मशीनवाचून अडत नाही. एक पातेलं पुरतं. पावडरचं दूध पूर्णवेळ चालू असेल, म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसरात्र मिळून आठेक वेळा, तर मात्र मशीनचे पैसे वसूल होतात. रात्री दोन वाजता गॅसवर पातेलं ठेवून झोपेत उभं राहण्यातला धोका लक्षात घेतला, तर आणखीच. दिवस भरायच्या आत जन्मलेलं, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून (एनआयसीयू) घरी आलेलं किंवा दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर रोज निर्जंतुक करणं टाळू नये. मग ते पातेल्यात करा, नाहीतर मशीनमध्ये.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या घाईत राहून जाते. बाळंतपण माहेरी असेल, तर पहिले सव्वा ते तीन महिने मशीन माहेरच्या स्वयंपाकघरात चालणार. म्हणजे माहेर गडहिंग्लजचं असो की जयसिंगपूरचं, पाणी तिकडचं, वीज तिकडची आणि ओटाही तिकडचाच. निवड करताना आधी त्या घराचा विचार करा आणि नंतर सासरच्या.

आत नेमकं काय होतं

वाफेचं मशीन म्हणजे खाली तापणारी प्लेट, वर जाळीच्या टोपल्या आणि त्यावर झाकण. प्लेटवर मोजून पाणी घालायचं, त्याची वाफ बाटल्यांमधून फिरते. ऑपरेशन थिएटरची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हसारखा दाब इथे नसतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. जुलाब-उलट्या करणारे नेहमीचे जंतू मारायला तेवढी उष्णता काही मिनिटं टिकली की पुरते.

ती टिकते का, हे ठरतं पाण्यावर आणि विजेवर. ५०० वॅटच्या प्लेटवर १०० मिली पाणी घातलं, तर ते २५ अंशांवरून उकळायला साधारण एक मिनिट लागतं आणि सगळं आटायला आणखी साडेसात. म्हणजे साडेआठ-नऊ मिनिटं. खोक्यावर आठ ते बारा मिनिटं लिहिलेलं असतं ते यामुळेच. पाणी हेच या मशीनचं घड्याळ. अर्धंच पाणी घातलं तर वाफ निम्म्या वेळात संपते आणि बाटल्यांना पुरेशी उष्णता मिळत नाही.

दुसरी बाजू विजेची. ऊस आणि शेतीपंपांच्या पट्ट्यात, करवीर-शिरोळच्या काही गावांत, संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तर ५०० वॅटची प्लेट ३०० वॅटच्या आसपासच तापते. तेच १०० मिली आटायला चौदा मिनिटं लागतात. आता दोन प्रकारची मशीनं बाजारात असतात. काही पाणी संपलं की प्लेटचं तापमान चढतं ते ओळखून बंद होतात. काही ठरलेल्या मिनिटांनी बंद होतात, आत पाणी उरलं असलं तरी. कमी दाबाच्या गावात पहिला प्रकारच घ्यावा. दुकानदाराला नीट सांगता आलं नाही, तर माहितीपत्रक उघडून बघा. ‘पाणी आटल्यावर आपोआप बंद’ अशा अर्थाचं वाक्य त्यात हवं.

आणि वाफ घाण काढत नाही. बाटलीत दुधाचा पातळ थर राहिला असेल तर तो वाफेनं शिजून आणखी घट्ट बसतो आणि जंतू त्याखाली सुरक्षित राहतात. धुण्याचं काम कुठलंच मशीन करत नाही.

कोणता प्रकार

सगळ्यात स्वस्त आणि कधीही न बिघडणारा प्रकार म्हणजे पातेलं. तीन-चार लिटरचं, झाकण असलेलं, फक्त याच कामाचं. ज्या पातेल्यात रस्सा होतो ते नको. सिलिकॉनचं निपल मसाल्याचा वास धरून ठेवतं. तळाशी स्टीलची जाळी ठेवा, म्हणजे प्लास्टिक तापलेल्या बुडाला टेकत नाही. बाटल्या पूर्ण बुडल्या पाहिजेत आणि आत हवेचा बुडबुडा अडकलेला नको. पाणी खळखळ उकळायला लागल्यापासून दहा मिनिटं मोजायची. तोटा एवढाच की निपलं लवकर मऊ पडतात, लक्ष ठेवावं लागतं आणि वर्षाला गॅस बऱ्यापैकी जातो. प्रेशर कुकर मात्र यासाठी वापरू नका. शिट्टीच्या दाबाला आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं आणि साध्या प्लास्टिकच्या बाटल्या वाकतात.

साधं विजेचं वाफेचं मशीन बहुतेक घरांना पुरेसं आहे. पाणी घाला, बटण दाबा, दहा मिनिटांनी काम झालं. त्यातच ड्रायर असलेलं मशीन महाग पडतं, पण कोल्हापुरात त्याचा विचार करावा असं आम्हाला वाटतं. कारण जून ते सप्टेंबर. ज्या दिवसांत दोरीवरची दुपटी दोन-दोन दिवस ओली राहतात, त्या दिवसांत बाटलीच्या आतलं पाणी आपोआप वाळण्याची वाट बघणं व्यर्थ आहे. ड्रायरचं मशीन पंख्यानं गरम हवा आत सोडतं, त्याला अर्धा ते एक तास लागतो. वीज किती जाते? वाफेला ५०० वॅट दहा मिनिटं आणि वाळवायला समजा २०० वॅट चाळीस मिनिटं, तर एका फेरीला पाव युनिटही लागत नाही. खर्च विजेचा नाही, मशीनच्या किमतीचा आहे. बाळ दिवाळीनंतर जन्मणार असेल आणि मशीन सहा महिनेच वापरायचं असेल, तर साधं घेऊन पैसे वाचवा.

ड्रायरचा गैरसमज एक दूर करायला हवा. वाफेनंतर बाटलीत राहिलेले थेंब घातक नसतात. लगेच दूध भरायचं असेल तर झटकून वापरली तरी चालते. अडचण येते ती ओल्या बाटल्या दिवसभर बंद ठेवल्या की. ड्रायरचा उपयोग साठवणुकीपुरता आहे.

मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा प्लास्टिकचा डबा स्वस्त आणि झटपट. साधारण २०० मिली पाणी आणि मायक्रोवेव्हच्या वॅटनुसार दोन ते सहा मिनिटं. मायक्रोवेव्ह आधीच घरात असेल तरच विचार करा, आणि डबा घेण्यापूर्वी आतली उंची व फिरत्या काचेचा व्यास मोजून न्या. २० लिटरच्या लहान मायक्रोवेव्हमध्ये अनेक डबे फिरताना भिंतीला घासतात. स्टीलच्या बाटल्या यात अजिबात चालत नाहीत. झाकण काढताना वाफेचा चटका बसण्याचा धोकाही यात सगळ्यात जास्त. वेळ संपल्यावर दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या.

यूव्हीचं, म्हणजे अतिनील प्रकाशाचं मशीन दिसायला देखणं, किमतीला भारी. पाणी नको, वाफ नको, आतून आरशासारखं चकचकीत. पण हा प्रकाश सरळ रेषेत जातो आणि साध्या प्लास्टिकमधून किंवा काचेतून जवळजवळ पलीकडे जात नाही. म्हणजे बाटलीच्या आत तो पोचतो फक्त तोंडातून. निपलच्या आतली घडी, पोटात हवा जाऊ नये म्हणून बसवलेली बारीक झडप, ब्रेस्ट पंपाचे वाकडे भाग, यांच्या सावलीत जंतू आरामात राहतात. शिवाय प्लास्टिक आणि सिलिकॉन यूव्हीनं पिवळं पडतं, कडक होतं. पाऱ्याचा दिवा असेल तर तो जुना झाल्यावरही निळा दिसत राहतो, पण जंतू मारण्याची ताकद घटलेली असते. कोरडी खेळणी वगैरेंसाठी ठीक. बाळाच्या बाटल्यांसाठी पहिली पसंती म्हणून आम्ही हे सुचवणार नाही. घ्यायचंच असेल तर दार उघडताच दिवा विझतो ना, हे दुकानातच बघा. त्या प्रकाशानं डोळ्यांना आणि कातडीला इजा होते.

दुकानात काय बघायचं

रिकाम्या हातानं जाऊ नका. घरातली सगळ्यात उंच बाटली आणि पंप वापरणार असाल तर त्याचे सुटे भाग पिशवीत घालून न्या. खोक्यावर ‘सहा बाटल्या’ लिहिलेलं असतं ते कंपनीच्या स्वतःच्या बाटल्या धरून. रुंद तोंडाच्या बाटल्या त्याच टोपलीत चारच बसतात. बाटल्या पालथ्या ठेवून झाकण लावून बघा. झाकण अर्धा सेंटीमीटर जरी वर राहिलं, तरी वाफ बाहेर पळते.

मग टोपल्या काढून प्लेट बघा. या एका भागावर मशीनचं आयुष्य ठरतं. सपाट, रुंद, उघडी स्टीलची प्लेट उत्तम. हात आणि फडकं सहज पोचलं पाहिजे. काळा मुलामा दिलेली प्लेट नवी असताना छान दिसते, पण क्षार खरवडताना त्याचे पापुद्रे निघतात. प्लेट आणि प्लास्टिकच्या कडेमध्ये खोल खाच असेल तर तिथे घाण अडकणारच.

तळाच्या लेबलवर व्होल्ट आणि वॅट वाचा. २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ हवं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेलं मशीन ११०-१२० व्होल्टचं असतं. ते थेट आपल्या सॉकेटला लावलं की प्लेट चौपट वीज खेचते आणि पहिल्याच मिनिटाला जळते. प्रवासात वापरतात ते छोटे कन्व्हर्टर अशा तापणाऱ्या उपकरणांना झेपत नाहीत. प्रेमानं आलेली वस्तू असली, तरी ती खोक्यातच राहू द्या.

इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर वॅट आणखी महत्त्वाचे. घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० वॅट देतो. त्यावर दोन पंखे आणि चार दिवे चालू असतील तर ५०० वॅटचं मशीन कसंबसं चालतं. ८०० वॅटचं लावताच तो ओरडायला लागतो. त्यातही स्वयंपाकघरातला सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे आधी बघा. बहुतेक घरांत नसतो.

तीन पिनांची, अर्थिंगची वायर हवी. वायर आखूड असेल तर एक्स्टेंशन बोर्ड सिंकजवळ येतो आणि तिथे पाणी सांडतंच. ओट्यावर मशीन जिथे ठेवणार त्याच्या वर लाकडी किंवा प्लायचं कपाट असेल तर रोजच्या वाफेनं त्याचा तळ फुगतो. त्यामुळे जागाही मोजून घ्या: उंची, रुंदी आणि वर मोकळी हात-दीड हात जागा.

बिलावर मॉडेलचं नाव आणि वॉरंटी कार्डावर शिक्का तिथल्या तिथे घ्या. आणि एक प्रश्न विचाराच: झाकण, टोपली, हवेचं फिल्टर सुटं मिळतं का? झाकण फुटलं आणि सुटं मिळत नसेल, तर मशीन तिथेच संपलं.

मशीनबरोबर बाटल्या फुकट देतो म्हणाले, तर सावध व्हा. दूध पाजायच्या बाटल्या आणि बाळाच्या दुधाची पावडर यांची जाहिरात, मोफत नमुने आणि विक्रीसाठीची आमिषं यांवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. प्लास्टिकच्या बाटलीवर आयएस १४६२५ हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह असतं. ते नसलेली बाटली घेऊ नका. पॉलिप्रॉपिलीन या साध्या प्लास्टिकच्या बाटल्या स्वस्त असतात आणि रोजच्या वाफेनं काही महिन्यांत धुरकट होतात. मधासारखी पिवळसर झाक असलेल्या पीपीएसयू या प्लास्टिकच्या बाटल्या उष्णता जास्त सोसतात. उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच सगळ्यात निर्धास्त, फक्त पडली की संपली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत गरम पाण्यात पावडर कालवली की प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण दुधात उतरतात. म्हणून पावडर उकळून घेतलेल्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवावी आणि कोमट झाल्यावर बाटलीत ओतावी. पावडर स्वतः निर्जंतुक नसते हेही ध्यानात असू द्या. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांच्या खाली जायच्या आधी वापरायचं. कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, उरलेलं टाकून द्यायचं.

रोजची पद्धत

१. पाजून झालं की लगेच बाटली गार पाण्यानं विसळा. आधी गरम पाणी ओतलं तर दूध काठाला चिकटून बसतं.

२. बाटली पूर्ण सुटी करा: बूच, गोल कडं, निपल, आतली झडप, नळी. निपल कड्यात तसंच अडकवून धुणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. त्या खाचेत दुधाची पिवळट रेघ तयार होते.

३. सिंकमध्ये नाही, वेगळ्या टबात धुवा. सिंकमध्ये कच्ची भाजी, मटण, खरकटं सगळं येऊन गेलेलं असतं. टब आणि ब्रश फक्त बाळाचे. गरम पाणी, भांड्यांचा साबण, बाटलीचा ब्रश आणि निपलचा लहान ब्रश. निपलमध्ये पाणी भरून चिमटीत दाबा. छिद्रातून धार आली पाहिजे.

४. साबण निघेपर्यंत वाहत्या पाण्यात विसळा.

५. मशीनसोबत आलेल्या मापानं प्लेटवर पाणी घाला. माप हरवलं तर औषधाच्या झाकणावर अंदाज बांधू नका. माहितीपत्रकात किती मिली ते बघा आणि बाटलीवरच्याच खुणांनी मोजा.

६. बाटल्या पालथ्या, तोंड खाली. कडी आणि बुचं मधल्या टोपलीत, निपलं वर, एकावर एक नाहीत. वाटीसारखी कुठलीही वस्तू उताणी ठेवली तर तिच्यात पाणी साचतं.

७. मशीन बंद झाल्यावर पाच मिनिटं थांबा. झाकण आपल्यापासून लांबची बाजू आधी उचलून काढा, वाफ पलीकडे जाईल.

८. हात धुऊन, त्याच फेरीत निर्जंतुक केलेल्या चिमट्यानं भाग उचला. फडक्यानं पुसू नका. बाटली लगेच जोडून बूच लावा.

झाकण न उघडता ठेवलं तर बहुतेक मशीनमध्ये बाटल्या २४ तासांपर्यंत निर्जंतुक धरल्या जातात. मधेच एक बाटली काढायला झाकण उघडलं की बाकीच्यांचा तो हिशेब संपला. म्हणून ड्रायर नसलेल्या मशीनमधून सगळ्या बाटल्या एकदमच काढून, झटकून, जोडून ठेवणं सोयीचं, फक्त ओल्या असतील तर दिवसभर तशाच ठेवू नका.

प्लेटवर उरलेलं घोटभर पाणी रोज ओतून टाका आणि प्लेट गार झाल्यावर मऊ फडक्यानं पुसा. हे एक काम नेमानं केलं तर पुढच्या तक्रारी निम्म्यानं कमी होतात.

पाण्याचे क्षार

पंचगंगेचं किंवा काळम्मावाडी धरणाहून थेट पाइपलाइननं आलेलं पाणी तुलनेनं हलकं. उपनगरांत, अपार्टमेंटमध्ये जिथे बोअर चालते किंवा टँकर येतो, तिथे पाणी बहुधा जड असतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ घेते, बादलीच्या काठाला पांढरी रेघ धरते, एवढ्यावरून ओळखता येतं. वाफ होताना पाणी जातं, क्षार प्लेटवरच राहतात. ते बाळाच्या पोटात जात नाहीत, पण प्लेटवर कवच धरतात. मग उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, प्लेट जास्त तापते आणि पाणी शिल्लक असतानाच मशीन बंद होतं. लोक म्हणतात ‘मशीन बिघडलं’. बिघडलेलं काहीच नसतं.

शक्यतो आरओचं पाणी वापरा. तरीही महिन्यातून एकदा, बोअरचं पाणी असेल तर आठवड्याला, प्लेट साफ करा. किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल म्हणजेच सायट्रिक ॲसिड १० ग्रॅम, साधारण दोन लहान चमचे, २०० मिली पाण्यात विरघळवून गार प्लेटवर ओता आणि अर्धा तास ठेवा. मशीन चालू करू नका. कवच विरघळून पाणी गढूळ होतं. ओतून द्या, मऊ घासणीनं पुसा, दोनदा पाण्यानं पुसून घ्या आणि बाटल्या न ठेवता साध्या पाण्याची एक फेरी चालवा. पांढरं व्हिनेगरही चालतं, फक्त वास दोन दिवस रेंगाळतो. तारेची घासणी, चाकू किंवा उलथनं लावून खरवडलेल्या प्लेटवर पुढचे क्षार आणखी घट्ट बसतात. मशीन धुवायला नळाखाली धरू नका. वीज तळाशीच असते.

काय बिघडतं आणि का

प्लेटवर तपकिरी डाग आणि करपलेला वास येत असेल तर ते दूध आहे. वरच्या बाटल्या नीट धुतलेल्या नाहीत, त्यातलं दूध ठिबकून प्लेटवर जळलं. प्लेट साफ करा, पण दुरुस्ती धुण्यात हवी.

बाटल्यांवर पांढरे ठिपके: पाणी जड आहे. बाटली शेवटची आरओच्या पाण्यानं विसळा.

निपल चिकट लागतं, फुगतं, छिद्र मोठं होऊन दूध भसाभस येतं: ते संपलं, बदला. बाळाला ठसका लागायला लागला तरी कित्येकदा निपलकडे कुणाचं लक्ष जात नाही. आठवड्यातून एकदा चारी बाजूंनी ओढून, उजेडात धरून बघा.

बाटल्यांना आंबूस वास येतो, विशेषतः पावसाळ्यात: ओल्या बाटल्या बूच लावून जास्त वेळ ठेवल्या गेल्या, किंवा ड्रायरचं फिल्टर भरलं. मशीन गॅसच्या शेगडीशेजारी ठेवलं तर फोडणीचा तेलकट धूर फिल्टर ओढून घेतं आणि ते महिनाभरातच पिवळं, चिकट होतं. मशीन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्या.

वर्षानंतर बाळ म्हशीचं दूध बाटलीतून प्यायला लागलं की एक नवीनच त्रास सुरू होतो. कोल्हापुरी म्हशीच्या दुधाची साय बाटलीच्या आत तुपकट थर धरते आणि नुसत्या वाफेनं तो पक्का होतो. आतून बोट फिरवल्यावर निसरडं लागलं तर गरम पाणी, साबण आणि ब्रश दोनदा. खरं तर या वयात बाटली सोडून पेल्याची सवय लावणंच बरं.

वीज नाही, पाणी नाही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचा पाणीपुरवठा काही दिवस बंद पडला. अशा वेळी मशीन ओट्यावर शोभेला राहतं. घरात तान्हं बाळ असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला एवढी तयारी असू द्या: भरलेला जादा सिलिंडर, झाकणाचं पातेलं, सांडशी, पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार आणि दोन स्टीलच्या वाट्या-चमचे. पाणी कमी असेल तर बाटल्या बाजूला ठेवून वाटी-चमच्यानंच पाजा. एक वाटी आणि चमचा उकळायला अर्धा लिटर पाणी पुरतं. एका बाटलीच्या सुट्या भागांना दोन लिटर तरी लागतं. पुराचं पाणी शिरलेल्या घरातलं मशीन वाळवून पुन्हा लावू नका. बाटल्या उकळून घेता येतील. निपलं मात्र टाकून द्या.

कधीपर्यंत, आणि जुनं मशीन आलं तर

ब्रिटनची आरोग्यसेवा बाळ वर्षाचं होईपर्यंत निर्जंतुक करायला सांगते. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी रोज करा म्हणते आणि मोठ्या निरोगी बाळाच्या बाबतीत नीट धुण्यावर भर देते. आपल्याकडचं पाणी आणि पावसाळा बघता सहा महिन्यांपर्यंत रोज आणि पुढे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हे व्यवहारी वाटतं.

हे मशीन वर्षभराच्या वर फारसं कुणी वापरत नाही. त्यामुळे जावेकडून, नणंदेकडून किंवा शेजारून जुनं मिळण्याची शक्यता बरीच असते आणि ते घ्यायला हरकत नाही. वायर कुठे कडक झाली, भाजली किंवा उंदरानं कुरतडली आहे का बघा. प्लेट नखानं चाचपा. मुलामा सुटत असेल तर नको. झाकणाला तडा नको. मग लिंबूफुलानं प्लेट साफ करा आणि मापानं पाणी घालून, घड्याळ लावून एक रिकामी फेरी चालवा. किती मिनिटांत बंद झालं आणि प्लेटवर किती पाणी उरलं, हे माहितीपत्रकाशी ताडून बघा. पाणी पुष्कळ उरलं आणि मशीन लवकर बंद झालं, तर आणखी एकदा क्षार काढून बघा. तरी तसंच असेल तर तापमान बघून मशीन बंद करणारा आतला थर्मोस्टॅट बहुधा गेलेला आहे, ते मशीन घेऊ नका. सगळं जमलं तर मशीन जुनं आणि निपलं नवीन, असं धरून चला.